शेळीचं पुस्तक

"वाच बाई," साहेबराव म्हणाले आणि चष्मा पुसून खुर्चीत ताठ बसले. वेरूळहून ते खास एवढ्यासाठी आले होते. नातीनं पुस्तक वाचून दाखवलं तर ते पुन्हा शाळेचं नाव काढणार नव्हते. नाहीतर जूनला सुमेधाचं दप्तर भरायचं, असं सुनेशी त्यांचं ठरलं होतं.

सून, म्हणजे रूपा, भिंतीला टेकून उभी होती. शाळेच्या गाडीचा हॉर्न ऐकला की लेकीला उलटी व्हायची, म्हणून तिनं औरंगपुऱ्यातली नोकरी सोडून घरातच शाळा काढली होती. सगळी शाळा एका चित्रांच्या पुस्तकावर चाले. बाजाराला निघालेल्या शेळीची गोष्ट. भाज्यांची नावं शेळीकडून, बेरीज शेळ्यांची, रंगही शेळीलाच. पुठ्ठ्याच्या शेळ्या कापून कापून रूपाच्या बोटाला घट्टा पडला होता आणि हल्ली झोपेतही कुणीतरी बें बें करायचं. धाकट्या सम्यकनं तर काल पुस्तकालाच वरणभात भरवला होता.

सुमेधा वाचू लागली. बोट अक्षरांखाली, आवाज खणखणीत. "शेळी निघाली बाजाराला. वाटेत दिसली हिरवी भेंडी." साहेबरावांची मान डोलू लागली. रूपाला इतकं बरं वाटलं की ती मटकन खालीच बसली. केल्याचं चीज झालं म्हणायचं.

पण वरणानं पानं चिकटली होती. सुमेधानं दोन पानं एकदम उलटली. चित्रात शेळी घरी येऊन गाढ झोपलेली, आणि पोरगी मात्र "बांगडीवाला म्हणाला, पाय पुढे कर" असं मजेत वाचत राहिली. बोट तेवढं बरोबर सरकत होतं.

रूपाच्या लक्षात आलं. पोर वाचत नव्हतीच. सगळं पाठ होतं. तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

साहेबरावांनी नखानं पानं सोडवली, बांगडीवाला वर काढला आणि म्हणाले, "हं, म्होरं." सुमेधानं गोष्ट संपवली, शाबासकी घेतली आणि सम्यकला ओढत गॅलरीत पळाली.

"बाबा, तिला वाचता येत नाही," रूपा म्हणाली. "मला वाटलं होतं, येतं. मी थकले हो आता."

साहेबरावांनी पुस्तक मांडीवर घेतलं. "मलाबी पाठच व्हतं सगळं," ते म्हणाले. "आमाला वर्गाभाईर बसवायचे. फळा दिसायचा नाय. आतून आवाज यील तेवढा धरून ठिवायचा. पुस्तक हातात दिलं की घडाघडा म्हणायचो. लोकं म्हणायचे, साहेब्या लई हुशार."

"मग वाचायला कधी आलं?"

"आत बसाया मिळालं तवा."

गॅलरीत सुमेधा भावाला शेळीची गोष्ट सांगत होती. एक शब्द चुकत नव्हती.

"पण ती बसायची नाही तिथं," रूपा म्हणाली. "नुसती गाडी दिसली तरी पांढरीफटक पडते. मी पाहिलंय, बाबा. तुम्ही नाही पाहिलं."

"गाडी कशाला पायजे? मी नेतो की चालत." साहेबराव उठले आणि पुस्तक त्यांनी जपून फळीवर ठेवलं. "जूनला मी हितंच येऊन राहतो. ती आत बसंल. मी दाराभाईर बसतो, तिला दिसंल असा. मला सवय हाय."