न उगवलेली भेंडी

विमलाने बियाण्याची रिकामी पिशवी दुकानाच्या फळीवर ठेवली.

"बारा दिवस झाले, भाऊ. चार वाफ्यांत मिळून नऊ रोपां. मोजून आलंय मी."

धोंडू गोरिवले पिशवी उलटसुलट करून बघत राहिला. तांबडवाडीत बियाणं आणि खत मिळायचं ते त्याच्याच दुकानात. तीन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून तो गावी आला, परवाना काढला आणि घराच्या ओटीवरच दुकान थाटलं. त्याआधी पसाभर बियाण्यासाठीसुद्धा बायकांना एसटीने खेड गाठावं लागायचं.

"खोल टाकलात काय, वयनी?"

"पंचवीस वर्सां भेंडी लावतंय मी."

"तसा नाय. पाणी जास्त झाला तरी..."

"गोदाकडे पण उगवला नाय. तिच्या वाफ्यात पण पाणी जास्त झाला?"

दुकानात आणखी दोघी होत्या. त्या हातातलं काम सोडून ऐकू लागल्या. धोंडूने पिशवी परत विमलापुढे सरकवली.

"ही टाकू नका. पावती पण जपून ठेवा."

"तुमच्या पावतीचा काय लोणचा घालू?" विमला म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मागे धोंडू कुणाला तरी फोन लावत होता. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

भात कापून झालं की वाडीतल्या बायका विहिरीच्या पाण्यावर भाजी करायच्या. कुणाचे पाच गुंठे, कुणाचे दहा. शिमग्याला चाकरमानी गावी आले की ताजी भेंडी बघता बघता संपायची. विमलाचा नवरा मुंबईहून घरखर्चाला पैसे पाठवत असे, पण भाजी तिची होती. त्यात कुणाला विचारावं लागत नसे. आणि या वर्षी वाफे उघडे पडले होते.

त्या दिवसापासून बायकांनी धोंडूच्या दुकानात जाणं सोडलं.

दहा-बारा दिवसांनी वाडीत सरकारी जीप आली. कृषी अधिकारी ज्ञानेश्वरी मॅडम उतरल्या. त्यांच्या हातात एक यादी होती. अकरा शेतकऱ्यांची नावं, प्रत्येकाचे गुंठे, पेरणीची तारीख. सगळं बिनचूक. मॅडम एकेका वाफ्यात उकिडव्या बसल्या, रोपं मोजली, फोटो काढले. रिकाम्या पिशव्या आणि पावत्या मागितल्या. विमलाची पावती चुलीत गेली होती, पिशवी तेवढी सापडली.

मग सगळे दुकानाशी आले. धोंडूने कपाट स्वतःच उघडून दिलं.

"याच लॉटच्या पस्तीस पिशव्या शिल्लक हायत."

"तुमचं काही म्हणणं आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाय."

मॅडमनी तपासणीसाठी तीन पिशव्या घेतल्या, बाकीच्यांची विक्री बंद केली. पुढच्या आठवड्यात परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाल्याचा कागद आला आणि दुकानाला कुलूप लागलं.

"तक्रार केली कोणी?" तपासणीच्या दिवशी जीप निघताना गोदाने विचारलं होतं.

"नाव सांगू नये असं तक्रारदाराने लिहून दिलंय," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी विमलाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गोदाने तिला गाठलं. "तूच ना गो?"

"नाय गो. मी नाय."

"बरा, नको सांगू. पण यादी तूच दिली असशील. बचतगटाची वही तुझ्याकडेच ना?"

विमलाने तीन-चार वेळा नाही म्हटलं. कुणी ऐकेना. जी ती तिला वाट देऊ लागली, पाण्याला तिचा नंबर पुढे घेऊ लागली. पाचव्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा ती नुसती हसली.

जानेवारीत प्रयोगशाळेचा अहवाल आला. शंभरातले अठ्ठावीस दाणे उगवले होते. कंपनीने अकराही जणांना नवीन बियाणं द्यावं, असा आदेश निघाला. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं, आणि सरपंचांनी सगळ्यांसमोर विमलाच्या हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. विमलाने नारळ घेतला.

परत येताना वाटेत धोंडू भेटला. गुरांसाठी गवताचा भारा घेऊन चालला होता. तो थांबला.

"बरा झाला, वयनी. शिमग्यापर्यंत भेंडी हाताशी येईल."

टोमणा मारतोय, असं विमलाला वाटलं. ती झपाझप पुढे गेली.

आता खत पुन्हा खेडहून आणावं लागत होतं. गोणी बघितली की एसटीचा कंडक्टर कुरकुरायचा. एकदा गोणीवर पाय ठेवून उभ्याने येताना विमलाच्या मनात आलं, दुकान होतं तेव्हा बरं होतं. मग ती स्वतःशीच म्हणाली, धोंडूच्या कर्मानेच बंद पडलं ते.

महिनाअखेरीस कंपनीचा टेम्पो आला. ऋत्विक नावाचा तरुण प्रतिनिधी त्यातून उतरला. खोके खाली घेतले गेले. बायका गोळा झाल्या.

"वाटप करतो," ऋत्विक म्हणाला, "पण आधी तक्रारदाराची सही लागेल. बियाणं मिळालं म्हणून. कोण आहेत?"

"आमची विमला!" गोदा म्हणाली आणि तिने विमलाला पुढे ढकललं.

विमला घुटमळली. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. खोके तिथेच पडून होते. एका सहीने कुणाचं काय बिघडणार होतं? तिने पदराला हात पुसला आणि पेन घेतलं.

ऋत्विकने कृषी कार्यालयाचं बंद पाकीट फोडलं आणि टेम्पोच्या फाळक्यावर कागद पसरला. "इथे. नावाच्या खाली."

विमला वाकली. वाचायची सवय कमी, म्हणून तिने एकेका ओळीवर बोट ठेवलं. वरच्या रकान्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार त्या विक्रेत्याचं नाव होतं, धोंडू लक्ष्मण गोरिवले. तिचं बोट तक्रारदाराच्या रकान्यावर आलं. तिथेही तेच नाव होतं.