चार बोटं खाली

बोल्ट काही हलेना. नूरुद्दीन पिकअपच्या मागच्या चाकाशी पाठीवर पडून पान्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होता. शारजातल्या जुन्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीतही फरशी भाजत होती. पाना सटकला, बोटं लोखंडावर आपटली आणि त्यानं रत्नागिरीकडची एक अस्सल शिवी हासडली.

गाडी चार बोटं खाली बसवायची होती. त्याचं किट शेजारी पसरलं होतं, आखूड स्प्रिंगा, कड्या, पट्ट्या. हे शौक मिसरूड फुटलेल्या पोरांचे. नूरुद्दीन साठीला टेकलेला, एसी दुरुस्तीचा धंदा करणारा माणूस. शेजारच्या वासिफनं भिंतीवरून डोकावून विचारलंच, "क्या चाचा, रेस लावताय की काय?" नूरुद्दीननं पाना पुन्हा बोल्टला लावला. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती.

कारण होती अन्वरी, त्याची बायको. मुलं आपापल्या संसाराला लागली आणि घर खायला उठू लागलं. आता हिला शेजारी बसवावं, हिंडवावं, असं त्याला फार वाटे. पण कुठं निघायचं म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "तुम्ही या जाऊन. माझे पाय दुखतात." पिकअप होतीच उंच. दाराला धरून, 'या अल्ला' म्हणत तिला चढताना त्यानं कितीदा पाहिलं होतं. उरलेलं आयुष्य तिनं खिडकीत आणि आपण रस्त्यावर काढायचं की काय, हा विचार त्याची पाठ सोडेना.

गॅरेजवाला करून देत होता. पण बायकोसाठीचं काम परक्या हातानं कशाला, हा नूरुद्दीनचा हट्ट. तो आता चांगलाच अंगाशी आला होता. अबू धाबीहून मुलानं, रेहाननं, व्हिडिओ कॉलवर बापाचा काळा झालेला चेहरा पाहिला. "डॅड, जस्ट टेक इट टू द गॅरेज, प्लीज."

"तुला कुणी विचारलं?" म्हणत नूरुद्दीननं फोन बंद केला.

शेवटी गंजका बोल्ट कापावा लागला. पुढच्या स्प्रिंगांनी तर नाकी नऊ आणले. सगळं आवळून त्यानं जॅक काढला आणि लांब उभं राहून पाहिलं. गाडी एका बाजूला कलली होती, लंगड्या बकरीसारखी. डाव्या-उजव्या स्प्रिंगांची अदलाबदल झाली होती. त्यानं पाना भिरकावून दिला. "खलास! मसणात गेली ही गाडी!"

अन्वरी दारात आली. "राहू द्या ना. कुणी सांगितलंय हे?"

"तू मध्ये बोलू नकोस!" तो ओरडला, आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं. जिच्यासाठी हे सगळं, तिच्यावरच डाफरलो. पाना उचलून तो पुन्हा गाडीखाली शिरला आणि सगळं पहिल्यापासून खोललं.

दुपार कलली, असरची अजान झाली तेव्हा गाडी सरळ उभी होती. चार बोटं खाली. आंघोळ करून, अत्तर लावून तो बाहेर आला. "यल्ला, चल अन्वरी, समुद्रावर जाऊ. ममझरला."

अन्वरीनं गाडीकडे पाहिलं, त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग ठेवणीतली ओढणी घेऊन आली. एक पाय टाकला आणि अलगद आत बसली. नूरुद्दीन नवरदेवासारखा खुलला.

वाटेत कुसैसला एक गिऱ्हाईक होतं. "आलोच. एसी चालू ठेवलाय," म्हणत तो उतरला. बऱ्याच वेळानं आला. मग कॉम्प्रेसर बघायला एका दुकानापाशी थांबला. "तू बस. बाहेर किती गरम आहे!" तिथं दुकानदार गावाकडचा निघाला, गप्पा रंगल्या. मग एकाचा फोन आला आणि जवळच्याच एका बिल्डिंगीपाशी गाडी पुन्हा उभी राहिली. काचेपलीकडे माणसं येत-जात होती. इमारतींमागं सूर्य केव्हाच बुडाला.

दोन हातांत दोन कडक चहा घेऊन नूरुद्दीन हसतहसत परतला. "काय मग? अजून दुखतात पाय?"

"दुखतात."

त्याचा चेहरा पडला. दिवसभराचा सगळा वैताग एकदम वर आला. "अगं, एवढी खाली आणली! आता चढायला कसला त्रास?"

"चढून माझे पाय कधीच दुखले नाहीत," चहाचा कप हातात घेत अन्वरी म्हणाली. "तुम्ही उतरू देत नाही."