सोबत दिलेला डबा

सन १९८८. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्यात अनसूया डोक्यावरचा पदर सावरत बसली होती. शेजारी तिचा नवरा गणपत. समोर टेबलावर पत्र्याचा एक डबा होता, मांजरपाटात शिवलेला. एका बाजूनं कापड फाडून तो उघडला होता.

त्या काळी जबलपूरचा मराठी माणूस एकटा म्हणून कधी प्रवासाला निघतच नसे. नागपूरला जावो की मुंबईला, चार घरांचे डबे त्याच्या आधी स्टेशनवर हजर. कुणाच्या लेकीला चकल्या, कुणाच्या भावाला लोणचं. झाकण निघू नये म्हणून डबे कापडात शिवून घ्यायचे, तेही अनसूयेकडूनच. अन् दुसऱ्याचा डबा उघडून पाहायचा नाही, ही रीत. पाहणाऱ्याला हावरट म्हणत.

गढा मोहल्ल्यात राहणाऱ्या भय्यासाहेबांनीही मुंबईच्या बहिणीसाठी असाच डबा आणून दिला. गोड बोलणारा माणूस, गणपतीच्या मांडवात सर्वांत पुढे. अनसूयेनं डबा शिवला आणि शेजारच्या शकूच्या मुलाच्या, विनयच्या हाती दिला. तो नोकरीच्या मुलाखतीला चालला होता. इटारसीला पोलिसांनी डबा फाडला. वर करंज्या होत्या, खाली ब्राउन शुगर. विनयला तिथंच अटक झाली. तेव्हापासून भय्यासाहेबांच्या घराला कुलूप होतं.

दिल्लीहून आलेला अधिकारी आवाज न चढवता सांगत होता. माल सरहद्दीपलीकडून येतो, इथून मुंबईला जातो, तिथून जहाजानं परदेशी. हा काही पहिला डबा नसावा. मग तो गणपतकडे वळला.

"आप तो फैक्टरी में गोले बनाते हैं न? इसी माल के पैसे से उधर बंदूकें आती हैं।"

गणपतनं मान खाली घातली. तोफगोळ्यांच्या कारखान्यातली नोकरी. घरावर असला डाग लागला, तर फाटकावरचा शिपाईही त्याला आत सोडणार नव्हता. घरून निघताना त्यानं बायकोला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, शिवण माझी नाही एवढंच म्हण. विनयचं विनय पाहील.

विनय एकच सांगत होता, डबा मावशीनं शिवून दिला. मावशी नाही म्हणाली, तर तो त्यानंच भरला असं ठरणार होतं.

"माताजी, ये सिलाई आपकी है?"

बाहेर व्हरांड्यात शकू बसली होती. दमेकरी बाई. आतलं बोलणं मोडू नये म्हणून तोंडावर पदर दाबून खोकत होती.

अनसूयेनं टाक्यांवरून बोट फिरवलं. "मेरी ही है," ती म्हणाली. "डिब्बा भय्यासाहेब ने दिया था। लड़के को कुछ नहीं मालूम।"

खोलकर देखा क्यों नहीं, असं अधिकाऱ्यानं विचारलं.

"दूसरे का डिब्बा कैसे खोलती, भैया?"

त्याचा हात लिहिता लिहिता थांबला. मग तो पुन्हा लिहू लागला.

पायऱ्या उतरताना गणपत म्हणाला, "काहून बोललीस?"

"शकू खोकला दाबून राहिली होती. ऐकलं नाही काय तुम्ही?"

गणपतची नोकरी गेली. सदर बाजारातल्या एका दुकानात तो गिऱ्हाइकांपुढे उभा राहू लागला; कारखान्याचा भोंगा झाला की मरेपर्यंत दचकत असे. अनसूयेलाही अटक झाली, मग जामीन मिळाला, पुढे तिचं नाव खटल्यातून निघालं. भय्यासाहेब कुणालाच सापडले नाहीत; कुणी काठमांडू म्हणे, कुणी दुबई. अनसूयेच्या जबानीवर विनय सुटला खरा, पण कोर्टाला सहा वर्षं लागली. तोवर तो होशंगाबादच्या तुरुंगात होता; तिथवरचा प्रवास शकूला झेपत नसे, म्हणून भेटीला अनसूयाच जाई. शकू मध्येच एका हिवाळ्यात गेली. पोरगा आत आहे तोवर त्याला कळवायचं नाही, अशी शपथ तिनं घातली होती. त्यानंतरही दर भेटीत अनसूया सांगत राहिली, आई बरी आहे.

सुटकेच्या दिवशी ती एकटीच फाटकापाशी उभी होती. विनय बाहेर आला, तिच्या पाया पडला आणि तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहू लागला.

"मावशी, आई रिक्शात बसली आहे काय?"