कपाटाआडची वस्ती

सर रांगत रांगत टंकलेखिका बाईंच्या खुर्चीपाशी पोहोचले आणि त्यांनी फरशीवर खडूने बाण काढला. खुर्चीचं तोंड जिकडे, तिकडे बाणाचं टोक. मग ते थोडे मागे सरकले आणि चष्मा सावरून पाहू लागले. याही खुर्चीची पाठ सरांच्या केबिनकडेच होती.

जेवणाची सुट्टी होती. अख्खा जीवाश्म विभाग कँटीनमध्ये होता आणि विभागप्रमुख जमिनीवर. सरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? समुद्राच्या तळाशी राहणारे अगदी पहिले प्राणी, ज्यांना ना डोळे ना तोंड ना पाय, नुसती चिखलात रोवलेली पिसंच म्हणा, ते दगडावर आपले ठसे ठेवून गेले होते. सर त्या दगडांवर रांगायचे. कोण कुणाच्या शेजारी, कोण कुणीकडे कललेला, हे बाणांनी टिपायचे आणि त्यावरून त्यांची आपसांतली नाती ओळखायचे. ज्याला मुक्यांचं राजकारण कळतं, त्याला बोलणाऱ्यांचं किती वेळ लपणार?

पूर्वी विभागातली टेबलं हॉलभर पसरलेली असायची. मग एके दिवशी ठसे काढणारे काका आपलं टेबल घेऊन मोठ्या लोखंडी कपाटाच्या आडोशाला गेले. मागोमाग टंकलेखिका बाई. मग चित्रकार. आता तिथे कोपराला कोपर लागत होतं आणि मधोमध धाकटी बसत होती. तेव्हाच सरांच्या मनात पाल चुकचुकली होती. लक्ष ठेवायला म्हणून त्यांनी केबिनचं दार दगड लावून सताड उघडं ठेवलं, तर मंडळी आणखीच दाटीवाटीने बसायला लागली. मनात पाप असलेली माणसं अशीच वागतात.

धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यांत नवी संशोधक. तिची नोकरी कंत्राटी होती आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे सरांनी आज संध्याकाळपर्यंत संचालकांना कळवायचं होतं. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. एकतर या बाईने सरांच्या लाडक्या दगडावर लेख लिहिला होता. त्या दगडावर एका बाजूला गर्दी करून असलेले प्राणी ही आई आणि तिची पिल्लं, असं सर वर्षानुवर्षं शिकवत आले होते. धाकटीने लिहिलं होतं, नातंबितं काही नाही. तळाशी जोराचा प्रवाह होता, तो वाळू आणून अंगावर फेकायचा, म्हणून बिचारे मिळेल त्या उंचवट्याच्या आड गोळा झाले. आणि आता सरांची माणसंही तिने गोळा केली होती. लेखापाठोपाठ उठाव. नक्कीच काहीतरी शिजत होतं.

"सर, काही हरवलंय का?"

दारात धाकटी उभी होती. हातात पाण्याची बाटली.

"निष्ठा," सर जमिनीवरूनच म्हणाले.

"कपाटाखाली बघितलंत?"

सरांनी रागाने खडू कपाटापलीकडे, केबिनच्या बाजूच्या फरशीवर आपटला. त्याचा भुगा झाला. पण भुगा पडल्या जागी राहिला नाही. तो जमिनीलगत सरपटत निघाला, कपाटाला धडकला, दोन्ही बाजूंनी फुटून पुढे गेला. कपाटाच्या आड मात्र, खुर्च्यांच्या पायांशी, त्यातला थोडासा हळूच खाली बसला.

सरांनी खिशातली टॉर्च काढून फरशीवर आडवी ठेवली, दगडावरचे ठसे पाहताना ठेवतात तशी. आता सगळं स्वच्छ दिसलं. हे चित्र त्यांनी पाहिलेलं होतं. धाकटीच्या लेखात होतं ते.

त्यांनी मान वळवून भुगा जिकडून आला ती दिशा पाहिली. तिकडे त्यांचीच केबिन होती. सताड उघडं दार, दाराला लावलेला दगड आणि वर त्यांचा एसी. सरांना फार उकडायचं. एसी मासे टिकवायला लावल्यासारखा चालू होता.

"हे कधीपासून?"

"तुम्ही एसी बदललात तेव्हापासून. तेव्हा बाईंचे खांदे गेले. दार उघडं ठेवायला लागलात तशी काकांची मान आखडली."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायला तुमच्या केबिनमध्ये यावं लागतं ना, सर. तिथे वाक्य पुरं होईपर्यंत उभं राहवत नाही."

सर फरशीवरच बसून राहिले. ज्यांना त्यांनी जन्मभर मायलेकरं ठरवलं होतं, ती कदाचित एकमेकांना ओळखतही नव्हती.

मग ते उठले, गुडघे झटकले, केबिनमध्ये गेले आणि संचालकांना फोन लावला. "तिला ठेवा," ते म्हणाले. "पोरगी बरोबर आहे." एसी बंद केला, दगड काढला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं. टेबलं पुन्हा हॉलभर पसरली होती. काकांनी लांबूनच हात केला. मान वळवून केला, हे विशेष. टंकलेखिका बाई तर चक्क हसल्या. सरांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. गट नाही, उठाव नाही, नुसता वारा.

कपाटाआडून एकच कोपर अजून दिसत होतं. सर प्रेमाने जवळ गेले.

"अगं, एसी बंद केलाय मी. आता वारा येत नाही इकडे."

"माहीत आहे, सर," धाकटी मान वर न करता म्हणाली. "माझं कारण वाऱ्याचं नव्हतं. इथून तुमचं दार दिसत नाही."