दोन थापा

"सखारामकाका, गाडी जुनी हाय. मागच्या चाकांना ड्रम ब्रेकच ऱ्हाऊ द्या," वाळूजच्या गॅरेजात बुद्धभूषण मिस्तरी परत म्हणाला.

"नाय! डिस्कच बसव. त्या ड्रममधून कुणीतरी थापा मारतंय."

ट्रक मागं घेताना क्लीनर मारतो, तशाच थापा. दोन म्हणजे थांब, एक म्हणजे चल. सखाराम तर गाडीवर एकटाच असायचा.

डिस्क बसल्या. काढलेले ड्रम भिंतीशी उन्हात पडले होते. सखारामनं गाडी सुरू केली, तोच मागून दोन थापा आल्या.

"नाय थांबत! काय करायचं ते कर!"

त्यानं गाडी रस्त्यावर घातली. थापा वाढल्या, तसा त्यानं वेग वाढवला.

उतारावर कामगारांची बस उभी होती. त्यानं ब्रेक दाबला.

मागून एकच थाप आली.