सामनावीर कॉलिन होलरॉइड

कॉलिन होलरॉइडने चेंडू पुन्हा एकदा डोळे मिटून हाणला. तो पावसातून वर गेला, मैदान ओलांडून खाली आला आणि प्रायोजकांच्या दालनाच्या जाड काचेवर धाडकन आपटला.

"वा रे गाढवा, काय पास दिलास!" गोलमागच्या पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं. "आत जेवायला बसलीत रे ती माणसं, एवढं सूप तरी संपू दे त्यांचं!"

स्केलबी टाउनच्या प्रेक्षकांचं आपल्या बचावपटूवर असं प्रेम होतं. चुकून त्याने जवळच्या सोबत्याला नीट पास दिला, तर अख्खा स्टँड उभा राहून टाळ्या वाजवायचा, जसं पहिलं पाऊल टाकलेल्या बाळाचं कौतुक करावं तसं. कॉलिनची सगळी हयात फुटबॉलच्या तळाच्या लीगमध्ये गेली होती. क्लब बदलले, शिव्या त्याच राहिल्या. सामनावीर तो कधीच झाला नव्हता. मैदानातल्या कर्ण्यावरून त्याचं नाव एकदाच पुकारलं गेलं होतं, आणि तेही अँब्युलन्सच्या वाटेत गाडी लावल्याबद्दल.

आज हंगामातला शेवटचा सामना. गोल कोणाचाच नव्हता, आणि स्केलबीला बरोबरीही पुरणार होती. बरोबरी झाली की क्लब लीगमध्ये राहणार आणि कॉलिनला आणखी एक वर्ष खेळायला मिळणार, असा शब्द अध्यक्षांनी दिला होता. हरले, तर क्लब खाली जाणार, जिथे खेळाडू दिवसा टपाल वाटतात आणि संध्याकाळी सराव करतात. आणि कॉलिन मेहुण्याच्या धंद्यात, छपरं दुरुस्त करायला. कॉलिनला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी यायची.

"तू डोकं चालवू नकोस," प्रशिक्षक रेस्ट्रिकने सामन्याआधी त्याला बजावलं होतं. "देवानं तुला ते दिलेलं नाही, त्याचा फायदा घे. चेंडू आला की हाण. कुठे जातो ते बघूसुद्धा नकोस."

कॉलिनने ते तंतोतंत पाळलं होतं. पाहुण्या संघाचा प्रत्येक हल्ला त्या काचेवर जाऊन संपत होता. शेवटची पाच-सात मिनिटं उरली आणि कर्णा खरखरला.

सामनावीर निवडायचा मान स्केलबीत नेहमीच जेवणाचे पैसे भरणाऱ्याला असतो, आणि ही निवड सामना संपायच्या आधीच होते. नंतर थांबतो कोण? आजच्या प्रायोजक होत्या मिसेस ग्रिमशॉ. गावातल्या अंत्यविधींची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असे. क्लबच्या त्या वर्षीच्या खेळाला त्यांच्याइतका शोभेसा प्रायोजक मिळाला नसता.

"ग्रिमशॉ आणि मंडळींनी निवडलेला आजचा सामनावीर," कर्णा म्हणाला, आणि कागद पुन्हा वाचून पाहावा तसा थांबला, "कॉलिन होलरॉइड."

सगळं मैदान हसलं. पाहुण्यांचे पाठीराखे हसले, लाइन्समननेसुद्धा तोंड फिरवलं. कॉलिनला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्याला एवढंच कळलं की कोणीतरी आपल्याला पाहिलंय. आपण कुठे उभे राहतो, धोका कसा आधीच ओळखतो, हे त्या काचेमागे बसलेल्या जाणकारांच्या नजरेतून सुटलेलं नाही. इतकी वर्षं आपण उगाच स्वतःला गाढव समजत होतो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात चेंडू आला. अगदी साधा, पायापाशी.

"हाण!" रेस्ट्रिक ओरडला.

"आजोबा, उडवा की!" मागून गोलकीपर किंचाळला.

कॉलिनने चेंडूवर अलगद पाय ठेवला. सामनावीर वाट्टेल तिथे चेंडू हाणत नसतो. पाहुण्यांचा एक जण अंगावर धावून आला. कॉलिनने खांदा डावीकडे झुकवला, चेंडू उजवीकडून काढला, आणि तो गडी चक्क चिखलात बसला. मैदान अवाक झालं. कॉलिनच्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर क्षण होता, आणि तो जरा जास्तच वेळ त्याचा आनंद घेत राहिला.

पाहुण्यांच्या दुसऱ्या गड्याने चेंडू हलकेच काढून घेतला आणि गोल केला. रेस्ट्रिक मटकन बाकावर बसला. थोड्या वेळाने सामना संपल्याची शिट्टी झाली.

पण रिवाज तो रिवाज. क्लब बुडाला तरी सामनावीराने अंघोळ करून, टाय लावून वर प्रायोजकांच्या दालनात जायचं आणि बक्षिसाची शॅम्पेनची बाटली घ्यायची. जिन्यात रेस्ट्रिक भेटला. "जा बाबा," तो म्हणाला, "फोटोत छान हास."

मिसेस ग्रिमशॉंनी बाटली त्याच्या हातात दिली आणि दुःखी कुटुंबांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात त्याचं सांत्वन केलं. फोटो निघाला. कॉलिनचा पाय काही निघेना.

"बाई, एक विचारू? एवढ्या सगळ्यांत मलाच का निवडलंत? म्हणजे... माझी जागा घ्यायची पद्धत बघून का?"

"अरे बाळा, आम्हाला कसली जागा नि कसली पद्धत!" त्या म्हणाल्या. "आम्ही आपले जेवत होतो. पण दर थोड्या वेळाने या काचेवर धाडकन चेंडू आदळायचा. टेबलावरचे सगळे म्हणायचे, ऐका, होलरॉइडचा ठोका पडला, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत. तो आवाज चालू आहे तोवर भीती नाही, असंच ठरवून टाकलं होतं आम्ही. म्हणून तुझं नाव दिलं."

त्यांनी मायेने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"पण मग शेवटी थांबलास का रे?"