दबलेली तार

"आता दुसरी तार दबतेय," बाईंनी गिटार काउंटरवर ठेवली आणि नजर दुसरीकडे वळवली.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. गिटार दुरुस्त करणाऱ्या या एकट्या माणसाला सारा बाजार मास्तर म्हणायचा. "परत? माझा हात बिघडला की काय!"

हात ठणठणीत होता. खोट बाईंच्या मनात होती. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती सॅडल, आणि आवाज स्पीकरकडे नेणारा पिकअप बरोबर तिच्या खाली. मधे कचऱ्याचा कण आला तरी एखादी तार मुकी होते. पिकअप बसवताना मास्तरांनीच हे समजावून सांगितलं होतं, आणि बाईंनी ते नको तितकं मनावर घेतलं. घरी तारा सैल करायच्या, सॅडल उपसायची, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा खाली सरकवायचा आणि साळसूद चेहऱ्याने दुकानात हजर व्हायचं.

करणार काय? नवरा गेला, मुलगा परदेशी. घरात आवाज द्यायला कुकरची शिट्टी तेवढी उरली होती. इथे पहिल्याच दिवशी मास्तरांनी प्लास्टिकच्या आणि हाडाच्या सॅडल एकेक करून काउंटरच्या काचेवर टाकल्या होत्या. "नीट ऐका. तुम्हाला कोणता आवाज आवडतो?" आपल्याला काय आवडतं, हे बाईंना कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी हाडाची निवडली.

आज मास्तरांनी सॅडल काढली, चिमट्याने प्लास्टिकचा तुकडा उचलला आणि उजेडात धरला. तुकडा टोपलीत टाकून ते पाठमोरे बसले आणि बराच वेळ कानस चालवत राहिले.

"घ्या. या खेपेला अगदी माझ्या मनासारखी बसवलीय."

नेहमीसारखी स्पीकरला लावून दाखवली नाही, की चहाचंही विचारलं नाही. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी पकडली गेली होती, आणि माणसाने भलेपणाने, एका शब्दाने न दुखवता दार दाखवलं होतं. आता कुठल्या तोंडाने जाणार?

दोन दिवस त्यांनी गिटारला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी घर अगदीच खायला उठलं, तेव्हा त्यांनी ती स्पीकरला जोडली आणि वाजवायला घेतली.

तिसरी तार दबत होती.

बाई चक्रावल्या. या वेळी त्यांनी काहीच केलं नव्हतं, शपथेवर. त्यांनी तारा सैल केल्या, सॅडल उपसली. खाली हाडाची एक कपची होती, नखाएवढी पातळ. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. बाईंकडे कानस नव्हती.

त्यांनी कपची तळहातावर घेतली. मग एकट्याच हसल्या, पदराने डोळे पुसले आणि फोन लावला.

"मास्तर, तिसरी तार दबतेय."

"माहीत आहे," पलीकडून उत्तर आलं.